तीन पायऱ्यांचा थांबा

"ह्यूस्टनला असतो तर एवढ्याशा अंतराला गाडी काढली असती. आणि गाडीत एसी तरी असता."

जोनेटा हे नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली होती, पण पुढच्या बाकावर लगाम धरून बसलेल्या व्हर्लीनला ते स्वच्छ ऐकू आलं. सव्वीस वर्षं बग्गीतल्या लोकांकडे पाठ करून बसल्यामुळे तिचे कान जणू मानेवरच आले होते. मागे कोणाचं नवं लग्न झालंय, कोण भांडून बसलंय, कोणाच्या पोटात आदल्या दिवशीच्या शिंपल्यांनी गडबड केलीय, हे तिला मान न वळवता कळायचं. आज मागे तिचीच माणसं होती. धाकटा भाऊ आल्सीड, त्याची बायको जोनेटा, त्यांची कॅमील आणि कॅमीलशी लग्न ठरलेला टेरेल.

बग्गीला जुंपलेल्या पर्लने तेवढ्यात शेपटी उडवून एक माशी हाकलली. व्हर्लीनला वाटलं, आपल्या वतीने खेचरानेच उत्तर देऊन टाकलं, बरं झालं.

टेरेलला हे शहर दाखवायचं होतं, म्हणून सगळे आले होते. टेरेलने न्यू ऑर्लिन्स कधी पाहिलं नव्हतं. त्याने फोनमध्ये यादी करून आणली होती: कुठे काय खायचं, कुठल्या गल्लीत कुठला बँड ऐकायचा, कुठलं कब्रस्तान बघायचं. तीन दिवसांतला तासही मोकळा नव्हता. पण पोरगा गुणी होता. बग्गीत चढताना त्याने व्हर्लीनचे आभार मानले आणि मग पुढे जाऊन पर्लचेही मानले. तेव्हाच तो व्हर्लीनच्या मनात बसला.

ती नेहमीसारखी सांगत चालली होती. हे लोखंडी कठड्यांचे सज्जे, हे अंगण आतल्या अंगाला का, ह्या उकाड्यात घोडा टिकत नाही म्हणून इथे खेचरं का. रोज पाच वेळा सांगायची, तरी सांगताना तिचा आवाज एक पायरी वर चढायचा. गाव काही तिच्या मालकीचं नव्हतं, पण ते तिने नीट पुसून, लख्ख करून समोर ठेवलंय, असं ऐकणाऱ्याला वाटावं.

"मिस व्हर्लीन," टेरेलने पुढे वाकून विचारलं, "तुमचं घर ह्या भागात होतं का?"

"ह्या भागात आमची आजी भांडी घासायला यायची," व्हर्लीन म्हणाली. "आमचं घर कालव्यापलीकडे. नाइन्थ वॉर्डात."

कॅमील बाहेर बघायला लागली. जोनेटाने पर्समधून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरला.

"तिथे आता बघण्यासारखं काही राहिलं नाही," आल्सीड म्हणाला.

"तीन पायऱ्या आहेत," व्हर्लीन म्हणाली. पाठ तशीच ताठ. "उद्या बघ. आमच्या बायकांच्या क्लबची मिरवणूक तिथे थांबते."

वादळाला अठरा वर्षं झाली होती. बांध फुटला तेव्हा बापाने बांधलेलं लाकडी घर पाण्याने उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्याच कोणाच्या घरावर नेऊन ठेवलं. ते मग पाडलं. राहिल्या त्या दारासमोरच्या तीन सिमेंटच्या पायऱ्या. बापाने स्वतः ओतल्या होत्या, सिमेंट ओलं असताना खालच्या पायरीत निळ्या फरशीचे तुकडे बसवले होते, आणि शेजाऱ्यांना दाखवताना म्हणायचा, घर पडेल पण ह्या हलायच्या नाहीत. तसंच झालं, फक्त त्याने हे थट्टेत म्हटलं होतं.

बापामागे घर आल्सीडच्या नावावर झालं होतं. व्हर्लीनचं स्वतःचं घर दोन प्लॉट सोडून. तेही छपरापर्यंत बुडालं होतं, पण उभं राहिलं होतं. भिंती खरवडून, नवे खांब घालून ती परत आली. आल्सीडचं कुटुंब बसने ह्यूस्टनला गेलं ते तिथेच राहिलं. कॅमील तेव्हा चार वर्षांची होती. दर नाताळात दोन दिवस ते यायचे, व्हर्लीनच्या घरी उतरायचे, आणि जाताना गाडीची काच खाली करून आल्सीड म्हणायचा, पुढच्या वर्षी बांधायला काढतो गं. व्हर्लीन म्हणायची, हो, घाई नाही. मग ती परत आत जाऊन भांडी घासायची.

अठरा वर्षं त्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत ती कापत होती. ऑक्टोबरात मिरवणुकीच्या आधी पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवत होती. आल्सीड पायऱ्यांकडे मात्र जायचा नाही. नाताळात आला की त्याला हटकून दुसरीकडे कुठेतरी काम निघायचं.

आणि ह्या खेपेला त्यांनी हॉटेल घेतलं होतं. पोराला संकोच वाटेल गं, असं आल्सीड फोनवर म्हणाला. व्हर्लीन म्हणाली, बरोबर आहे. आणि पाहुण्यांच्या खोलीत घातलेली नवी चादर तिने पुन्हा घडी करून कपाटात ठेवली.

संध्याकाळी ती मंडळी तिच्याकडे जेवायला आली. व्हर्लीनने सकाळी कामावर जाण्याआधी तासभर उभं राहून पीठ तेलात परतलं होतं, आईने शिकवलं तसं, जुन्या पैशाच्या रंगावर येईपर्यंत. त्यात खेकडे, कोलंबी, भेंडी. पण टेरेलच्या यादीतल्या एका नामांकित हॉटेलात ते दुपारी हाच रस्सा, गंबो, खाऊन आले होते. सगळ्यांनी एकेक वाटी घेतली, छान छान म्हटलं. आल्सीडने मात्र दुसरी वाटी भरली, मग तिसरी. जोनेटा त्याच्याकडे बघत होती. व्हर्लीनला वाटलं, ही आता काहीतरी बोलणार. पण जोनेटा म्हणाली, की भात थोडा जास्त शिजलाय.

भात जास्त शिजलेला नव्हता.

व्हर्लीनच्या डोक्यात गुरुवारपासून एकच गोष्ट घोळत होती. गुरुवारी मिस ओडील आल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, व्हर्लीन ज्यात होती त्या बायकांच्या क्लबच्या अध्यक्षा. आल्या, बसल्या, कॉफी घेतली, गुडघ्यांची चौकशी करून घेतली आणि मग छापायचा कागद काढला. त्यावर मिरवणुकीचा रस्ता आणि थांबे होते. क्लबच्या बायका वर्षातून एक रविवार सजून निघतात, पुढे त्या, मागे बँड, त्यामागे सगळी वस्ती नाचत. वाटेत कोणाच्या दारासमोर थांबायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. कागदावर नाव येणं म्हणजे वस्तीने तुमचं दार ओळखलं. वादळानंतर दरवर्षी त्या कागदावर आल्सीडचं नाव व्हर्लीनने घालायला लावलं होतं.

"पोलीस चारच तास देतात," मिस ओडील म्हणाल्या. "आम्हाला थांबे कमी करायला लागतात. पण मी ते म्हणत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "ज्या घरात माणूस आहे तिथे बँड जोरात वाजवतो. ज्या घरातला माणूस गेला, तिथे आधी हळू वाजवतो. दोन्हीकडे आपण थांबतो, बेबी. दोन्हीत मान आहे. तुझ्या पायऱ्यांसमोर इतकी वर्षं जोरात वाजलं. ह्या वर्षी तो स्वतः समोर असणार. काय वाजवायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही."

"मिरवणुकीत माझ्या हातातला पंखा वर असला तर जोरात," व्हर्लीन म्हणाली.

"आणि छातीशी आणलास तर हळू. आपली जुनीच खूण. बँडवाल्याला मी सांगून ठेवते."

रविवारी दुपारी कालव्याअलीकडच्या एका हॉलसमोर रस्ता माणसांनी फुलला होता. ट्रकच्या मागच्या फळीवर कोणी डुकराच्या मांसाचे तुकडे भाजत होतं, कोणी उकडलेलं अंडं घातलेलं शेवयांचं तिखट सूप पेल्यांतून विकत होतं. टेरेलने दोन्ही खाल्लं आणि हे यादीत का नव्हतं म्हणून यादीवरच चिडला. कॅमील त्याला हसली. "यादी करणारा गावचा असता तर त्याने यादी केली नसती," असं म्हणाली, आणि हे आपल्याला कसं सुचलं म्हणून स्वतःच चकित झाली.

दार उघडलं. क्लबचा रंग वर्षभर गुपित असतो, नवऱ्यांनासुद्धा कळत नाही. ह्या वर्षी तो शेंदरी निघाला. शेंदरी सूट, शेंदरी टोपी, शेंदरी बूट, आणि हातात शहामृगाच्या पिसांचे पंखे. एकेक बाई दारातून नाचत बाहेर आली आणि रस्ता ओरडला. पाचवी व्हर्लीन.

आल्सीडने बहिणीला आयुष्यभर कामाच्या पँटमध्ये नाहीतर ॲप्रनमध्ये पाहिलं होतं. एकोणसाठ वर्षांची ती बाई एका टाचेवर गिरकी घेऊन खाली बसली आणि पंखा उघडत उठली. त्याने फोटो काढायला धरलेला फोन तसाच हातात राहिला. शेजारच्या अनोळखी माणसाला तो म्हणाला, "ती माझी बहीण." मग पलीकडच्यालाही सांगितलं.

जोनेटाने ते ऐकलं. पर्समधला रुमाल ह्या वेळी तिने खरंच वापरला.

मिरवणूक पूल ओलांडून गेली. ट्युबा, ढोल, तीन ट्रॉम्बोन, आणि मागे माणसांचा लोंढा, छत्र्या, सायकली, एक म्हातारा व्हीलचेअरमध्ये बसून हातांनी नाचणारा. जोनेटाला बूट चावायला लागले तेव्हा तिने ते काढून हातात घेतले आणि कुरकुर न करता अनवाणी चालू लागली. हे व्हर्लीनने पुढून पाहिलं नाही, पण मागे एका कुरकुरीचा आवाज कमी झालाय हे तिला जाणवलं.

अडीच वाजता ते टुपेलो स्ट्रीटला वळले. गल्लीत चार घरं, मग गवत, मग एक घर, मग पुन्हा गवत. फक्त एका प्लॉटवरचं गवत कापलेलं होतं आणि मधोमध पांढऱ्या कडांच्या तीन पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की पुढे आभाळ.

बँड थांबला. नाचणारे थांबले. मिस ओडील काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

टेरेल हळूच म्हणाला, "हे तुमचं घर, सर?"

"त्या पायऱ्या माझ्या बापाने ओतल्या," आल्सीड म्हणाला. "वादळ सगळं घेऊन गेलं. ह्यांना हात लावायची त्याची छाती झाली नाही."

हे बोलताना तो गर्दीच्या कडेला, फुटपाथवर उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, बग्गीतून उतरलेले लोक कब्रस्तानासमोर उभे राहतात तसा. व्हर्लीनने आयुष्यात असे हजारो लोक पाहिले होते. चांगले लोक असतात, विचारपूस करतात, टोपी काढतात आणि मग पुढच्या जागी जातात. आपला भाऊ त्यांच्यात उभा आहे हे तिला दिसलं आणि ते तिला सहन झालं नाही.

"आल्सीड," ती म्हणाली. "वर ये."

"व्ही, नको."

"घरचा माणूस वरच्या पायरीवर उभा राहतो. बाबा उभे राहायचे तिथे. फुटपाथवर पाहुणे उभे राहतात."

त्याने जोनेटाकडे पाहिलं. जोनेटा अनवाणी उभी होती, एका हातात बूट. तिने मानेनेच त्याला पुढे ढकललं. "जा," ती म्हणाली. "आणि ह्या वेळी नीट बोल तिच्याशी. दर नाताळात परतीच्या वाटेवर गाडी मी चालवते, कारण तुला रस्ता दिसत नसतो."

आल्सीड चढला. निळ्या फरशीच्या तुकड्यांवर पाय पडला तेव्हा क्षणभर अडखळला. खाली बघितलं. तुकडे सगळे होते, एकही निघालेला नव्हता, आणि मधल्या फटीतलं गवत कोणीतरी सुरीच्या टोकाने काढलं होतं. तो वर गेला आणि जिथे दार होतं तिथे गल्लीकडे तोंड करून उभा राहिला. बापासारखाच दिसत होता. गर्दीतल्या एकदोन म्हाताऱ्यांनी ते एकमेकांना सांगितलंही.

व्हर्लीनने पंखा वर धरला होता. पूर्ण हात ताणून, शेंदरी पिसं वाऱ्यावर हलताहेत. ट्रॉम्बोनवाल्यांनी तोंडाशी वाद्यं आणली. ट्युबावाल्याची नजर पंख्यावर, तो वरच राहतो की छातीशी येतो हे बघत. एक सेकंद, दोन सेकंद. तिचा खांदा दुखायला लागला. पण ती हात हलवायला तयार नव्हती. इतकी वर्षं गवत कापलं ते ह्या एका गोष्टीसाठी, की हे कोणाचं तरी घर आहे असं कोणीतरी म्हणावं, आणि आज टेरेलने म्हटलं होतं. ती मान वर करून आल्सीडकडे बघत राहिली.

आल्सीड इथे जन्मलेला होता. वर धरलेल्या पंख्याचा अर्थ त्याला कोणी सांगायला लागत नव्हता. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"हात खाली घे, व्ही," तो म्हणाला. गल्ली इतकी शांत होती की शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "किती वर्षं धरशील? आम्ही परत येणार नाही."