दोष शोधणाऱ्यास दोन गुण

११ मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. यंत्र विभागाच्या कार्यशाळेत पाच अधिव्याख्याते उभे होते आणि पाचही जण एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत होते.

विभागप्रमुखांचे तिकडे लक्ष नव्हते. ते फळ्यावर गुण मांडण्यात गढले होते. तुटपुंज्या पगाराला कंटाळून हे पाच जण समोरच्या कारखान्यात जातील, या धास्तीने त्यांनीच योजना आखली होती : वर्षअखेर ज्याचे गुण सर्वाधिक, त्याची नेमणूक कायम. निकालाला गुण, वेळेवर येण्याला गुण आणि सहकाऱ्याची चूक दाखवील त्यालाही दोन गुण, चुकणाऱ्याचे तीन वजा. हा शेवटचा नियम कार्यशाळेतलाच. विद्यार्थी एकमेकांनी घडवलेले लोखंडी जॉब तपासून दोष काढू लागले, तेव्हा काम किती सुधारले होते! लोखंडाला राग येत नाही, एवढेच त्यांच्या ध्यानातून निसटले.

“सूत्र यांना दोन,” ते म्हणाले. जाड चष्म्याच्या त्या अधिव्याख्यात्याला सारे याच नावाने ओळखत. “टॉर्क यांनी काल तास लवकर सोडल्याचे त्यांनी कळवले. टॉर्क, तुमचे तीन वजा.”

रुंद मनगटांमुळे टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, असे नाव पडलेला अधिव्याख्याता पुढे सरसावला. “बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. तुला सांगून गेलो होतो ना रे?”

“सांगितलंस म्हणून तर कळलं!” सूत्र हसला. “दोस्तीला कुठे गुण आहेत, लेका?”

टॉर्कने त्याची मान धरून टेबलावर आपटली. चष्मा फुटला, भुवई फाटली. सूत्रने हाताला लागलेली बिनमुठीची कानस त्याच्या दंडात खुपसली. टॉर्कने सूत्रचा उजवा पंजा टेबलावरच्या व्हाइसच्या, लोखंडी पकडीच्या, जबड्यात कोंबला आणि ती आवळायचा दांडा फिरवला. हाडे मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

“लिहा, सर! याच्यातला दोष सापडला. दोन गुण लिहा माझे!”

विभागप्रमुखांनी धावत जाऊन दांडा धरला. टॉर्कचे कोपर तोंडावर बसले, दात तुटला. तरी ते दांडा उलटा फिरवत राहिले.

“अरे, कुणीतरी हात लावा!”

“नको, सर,” पाचांपैकी ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाई जागच्या न हलता म्हणाल्या. “मध्ये पडलो म्हणून आमचेच वजा व्हायचे.”

पंजा सुटला तसा सूत्र खाली कोसळला. विभागप्रमुखांनी रक्ताळल्या बाहीने फळा पुसून काढला.

“योजना बंद. पण तुम्ही नोकरी सोडून जाऊ नका.”

“आम्ही कुठे जात होतो, सर?” बाई म्हणाल्या. “पगार पुरत नव्हता. पण अडीनडीला एकमेकांचे तास सांभाळून घ्यायचो. तेवढ्यावरच तर टिकलो होतो.”

महिनाअखेर पाचांपैकी चौघे सोडून गेले आणि विभागात एकच अधिव्याख्याता उरला.