घासलेला आरसा

खगोलसंस्थेच्या अध्यक्षांनी आरशावरचं फडकं ओढलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. ताईच्या दुर्बिणीचा तो धातूचा आरसा नव्या पातेल्यासारखा लखलखत होता.

"काळवंडला होता हो अगदी," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. "सत्काराच्या दिवशी तसा कसा मांडायचा? शिपायाकडून राखेने घासून घेतला."

शिपाई दाराशी उभा राहून हसला. त्याच्यावर काय चिडणार? पण अध्यक्षांची मला शिसारी आली. तीन धूमकेतू शोधणाऱ्या बाईला यांनी म्हातारपणी बोलावलं, आणि तेही शोभेला आरसा आधी पाठवा म्हणून.

तो आरसा आम्ही दोघी बहिणींनी केलेला. तांबं आणि कथील वितळवून साच्यात ओतायचं, आणि साचा घोड्याच्या लिदेचा. लीद मळायला अर्थातच मी. जेवताना बोटांना तोच वास यायचा, घास तोंडाशी नेववत नसे. मग ताई महिनोन्‌महिने पॉलिश करत बसायची. आरशाच्या खोलगटपणात केसभर फरक पडला तरी ताऱ्याचा नुसता फराटा दिसतो. राखेने तो खोलगटपणा बिघडला, चकाकी तेवढी उरली.

धूमकेतूंचं ताईला फारसं काही नव्हतं. तिचा जीव एका जोडताऱ्यात अडकलेला. त्यातला धाकटा थोरल्याभोवती फिरतो, असं ती कितीतरी वर्षं सांगत होती आणि हीच मंडळी 'बाईंना भास होतात' म्हणून हसत होती. सध्या धाकटा थोरल्याच्या उजेडात दडला होता. तो पलीकडून बाहेर पडलेला दिसला की ताईचं खरं ठरणार होतं. आता आरसा नीट व्हायला वर्ष जाणार, आणि ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला.

एक गृहस्थ आरशात बघून मिशा सारख्या करत होते. त्यांचं होईपर्यंत ताई बाजूला थांबली.

"सांग ना यांना काय करून ठेवलंय ते," मी तिच्या कानाशी लागले.

"सांगून आरसा बरा होतो का?" ती म्हणाली आणि पदक घ्यायला पुढे गेली.

आरसा घेऊन घरी आल्यावर मागच्या पायरीवर बसून मी तोंडाचा पट्टा सोडला. "थुंकावंसं वाटतं एकेकाच्या तोंडावर. आणि तू खुशाल हसत पदक घेतलंस."

ताई आरशावरून बोटं फिरवत होती. "पॉलिश मी करीन. ते हातांना कळतं. बघायला मात्र तू."

"मला उबग आलाय ताई, तुझ्या त्या आकाशाचा. पहिल्यापासूनच."

"ठाऊक आहे मला."

तिने माझा डावा डोळा तळहाताने झाकला. "समोरच्या धुराड्यावर पक्षी किती?"

"एक."

"नीट बघ."

मी रागारागानेच बघत राहिले. डोळ्याला पाणी आलं. "दोन असावेत," मी म्हटलं.

"असावेत नको," ताई म्हणाली. "दिसले की सांग."