न विचारता

नवलचा ट्रॅक्टर रोज आपल्या कपाशीतून जातो, याचं झुलालला काही नव्हतं. पण हरामखोर एकदा तोंडानं विचारत नाही, यानं त्याचं टाळकं फिरायचं. आज त्यानं वाटेवर बाभळीचे काटे टाकले. नवल ते तुडवून पलीकडं आपल्या वावरात गेला.

झुलाल मागोमाग घुसला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यानं नवलचा खांदा फोडला. नवलनं हातातल्या विळ्यानं त्याची मांडी चिरली. रक्ताची धार लागली, तसा झुलाल कोसळला.

नवलनंच त्याला एका हातानं ओढून ट्रॉलीत घातलं. दवाखान्याला जायला वाट तीच. झुलालच्या बांधावर नवलनं ट्रॅक्टर थांबवला.

“झुलालभाऊ, आते जाऊ का तुना वावरमाईन?”

आणि तो उत्तराची वाट बघत बसला.