चार पॉइंट सात

वैरागच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, पण मांडव होता, लाउडस्पीकर होता आणि व्यासपीठावर नवरदेवाच्या खुर्चीत अमरेश महाराज बसले होते. त्यांच्या मागं जगाचा भला मोठा नकाशा टांगलेला होता. त्यावर देशोदेशी लाल आणि हिरवे आकडे चिकटवलेले.

"हे बघा," महाराजांनी काठीनं नकाशावर टोचलं. "हा आपला भारत. माणसाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल किती? एकशेऐंशी! अमेरिका? एकशेनव्वद! आता हिकडं या. इंग्लंड. साहेब सकाळी उठून काय खातो? लोणी, अंडी, डुकराचं मांस. आणि त्याचं कोलेस्टेरॉल? पाच!"

मांडवभर कुजबुज झाली.

"कॅनडा पाच. ऑस्ट्रेलिया पाच. अरे, तुम्ही भाकरी-पिठलं खाऊन एकशेऐंशी आणि ते लोणी चापून पाच? तुम्ही म्हणता साहेबानं जाताना हिरा नेला. हिरा काय चाटायचाय? त्यानं बालाघाटाच्या डोंगरातली आपली मुळी नेली, मुळी! तीच आज काढा होऊन तुमच्या पुढ्यात आलीय."

टाळ्या पडल्या. कोलेस्टेरॉल म्हणजे नेमकं काय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पण साहेबानं काहीतरी चोरून नेलं, ही गोष्ट सगळ्यांना पटली.

पद्धत सोपी होती. आधी एका छोट्या यंत्रावर बोटाचं रक्त तपासायचं. मग काढा प्यायचा, तासभर नामस्मरण करायचं आणि दुसऱ्या, 'विलायती' यंत्रावर पुन्हा तपासायचं.

तिसऱ्या रांगेत शिवानी तिच्या वडिलांना घेऊन बसली होती. ती सोलापूरच्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वडील चन्नप्पा, त्यांचं भांड्यांचं दुकान. वर्षापूर्वी त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती आणि तेव्हापासून रोज सकाळी घरात कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवरून वाद व्हायचा. अप्पा म्हणायचे, पाय दुखतात. शिवानी म्हणायची, तरी घ्या. त्या रोजच्या कटकटीला ती कंटाळली होती. स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीनं महाराजांचं नाव सांगितलं आणि तिनं सुटीच्या दिवशी गाडी काढली.

खरं तर अप्पाच यायला तयार नव्हते. "ब्याडव्वा," नको गं बाई, असं ते वाटेत कानडीत दोनदा म्हणाले होते. "डॉक्टरांनी दिलंय तेच बरं की. हे काढे-बिढे कशाला?"

"बघून तर येऊ, अप्पा. पटलं तर घ्या."

अप्पांचा पहिला आकडा आला एकशेब्याऐंशी. काढा पिऊन तासाभरानं ते पुन्हा व्यासपीठावर गेले, तेव्हा शिवानी सोबत होती. महाराजांनी चौकशी केली आणि ती काय शिकवते हे कळताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माइक तिच्याच हातात दिला.

"ऐका मंडळी! या मॅडम सायन्स शिकवतात. मी वाचणार नाही, माझा चेला वाचणार नाही. मॅडम, तुम्हीच वाचा आकडा."

शिवानीनं यंत्राकडं पाहिलं. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात बेलपानाचं एक स्टिकर होतं. वर ठळक आकडा होता.

"चार पॉइंट सात," ती म्हणाली. आनंदानं तिनं तो पुन्हा एकदा वाचला.

मांडव उठून उभा राहिला. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं. काढ्याच्या टेबलापाशी अशी रेटारेटी झाली, की टेबलाचा एक पाय मोडला.

घरी आल्यावर शिवानीनं गोळ्यांचा डबा स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकला. शिकलेली मुलगी सांगते म्हटल्यावर अप्पा रोज निमूट काढा पिऊ लागले.

महिनाही झाला नव्हता. सकाळी दुकानाचं शटर उचलताना अप्पांच्या छातीत कळ आली आणि ते पायरीवरच बसले. शेजारच्या दुकानदारांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शिवानी कॉलेजातून धावत पोचली, तेव्हा अप्पांना आत घेतलं होतं. डॉक्टर अभिमन्यू बाहेर आले.

"स्प्रिंगमध्येच गुठळी झालीय. काढतोय आम्ही. गोळ्या चालू होत्या ना?"

"नाही. बंद केल्या."

"रक्त पातळ ठेवायची गोळीसुद्धा?"

"सगळ्याच," शिवानी म्हणाली. "त्यांचं कोलेस्टेरॉल खूप खाली आलं होतं, डॉक्टर. एकशेब्याऐंशीवरून चार पॉइंट सातवर."

डॉक्टरांनी अगदी साधेपणानं विचारलं, "चार पॉइंट सात काय?"

उत्तरापुढं एकक लिहिलं नाही म्हणून शिवानी पोरांचे गुण कापायची. नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो, हे वाक्य दर वर्षी वर्गात तिच्या तोंडी असायचं. आणि तिनं, तिनंच, हजार माणसांसमोर नुसता आकडा वाचला होता.

भिंतीला टेकून तिनं मोबाइलवर गुणाकार केला. काही देशांत कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर काही देशांत मिलिमोलमध्ये. एकातून दुसऱ्यात जायला एकोणचाळीसच्या जरा आतल्या आकड्यानं गुणायचं. चार पॉइंट सातचा गुणाकार आला एकशेब्याऐंशी. तेच रक्त, तेच कोलेस्टेरॉल. काढ्यानं एका थेंबाचाही फरक पडला नव्हता.

अप्पा वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. शुद्धीवर आल्यावर ते तिला काही बोलले असते, चिडले असते, तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू जेवलीस का, अव्वा?" शिवानी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली आणि जिन्यात बसून रडली.

अप्पा घरी आले, तशी तिनं महाराजांच्या पुढच्या शिबिराची चौकशी केली. ते करमाळ्यात, बाजार समितीजवळच्या मैदानावर होतं. ती गेली. तिला पाहून महाराजांना आनंदच झाला.

"या, या! याच त्या मॅडम! व्हिडिओतल्या!"

समोरची माणसं माना उंचावून बघू लागली. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, हे तिला तिथं कळलं. कॉलेजचं नाव, तिचं नाव, सगळं घालून तो जिल्हाभर फिरला होता.

तिनं माइक घेतला. "आज माझंच रक्त तपासा, महाराज. दोन्ही यंत्रांवर. आत्ताच, काढा न पिता."

"छे छे, आधी काढा! नामस्मरण!"

"व्हिडिओत मी वाचलेला आकडा चालला. आता माझं रक्त का चालत नाही?"

"घ्या की बाईंचं रक्त!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. महाराजांना नाही म्हणता येईना.

एकाच बोटाचे दोन थेंब. पहिल्या यंत्रानं दाखवलं एकशेचौऱ्याहत्तर. दुसऱ्यानं, चार पॉइंट पाच.

"काढ्याचा घोटही न घेता चमत्कार झाला," शिवानी माइकवर म्हणाली.

"यंत्र भक्ताला ओळखतं!" महाराजांनी हात वर केले. "मॅडमच्या अंगात मागच्या वेळचं पुण्य..."

तोवर शिवानीनं नखानं बेलपानाचं स्टिकर खरवडलं होतं. "याच्याखाली मापाचं नाव आहे. ते तुमच्यापासून झाकलंय. बाजार समितीत तुमची ज्वारी येते. एक पोतं किलोत सांगितलं तर शंभर, क्विंटलमध्ये सांगितलं तर एक. मग नव्व्याण्णव काय उंदरांनी खाल्ले?"

हशा पिकला. तिला हसू आलं नाही.

"नकाशावरचे आकडे खोटे नाहीत, मापं वेगळी आहेत. इंग्लंडात दुसऱ्या मापानं मोजतात, म्हणून त्यांचे पाच. आपल्या मापात ते एकशेनव्वदच्या वर जातात! देशादेशांत फरक असतो, पण चाळीसपट नसतो. फिनलंडसारख्या देशानं आपला आकडा खाली आणला, तो खाणं बदलून, औषधं घेऊन, वर्षानुवर्षं खपून. तासाभरात कुणाचाच उतरला नाही. माझ्या वडिलांचाही नाही. त्यांच्या गोळ्या मी बंद केल्या आणि त्यांना झटका आला. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

हसू थांबलं. महाराज आपली शाल सावरत मागच्या बाजूला गेले आणि त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. काही जण गाडीमागं धावले. काही मात्र गुपचूप टेबलावरच्या बाटल्या पिशवीत घालू लागले. फुकट मिळतंय तर असू दे म्हणून.

पोलिसांत तक्रार देऊन ती बाहेर आली, तेव्हा एक बाई तिची वाट बघत उभी होती.

"मी सोजरबाई. उजनीच्या काठाला हाय आमचं गाव. केळीची बाग हाय. आमच्या मालकांनी तुमचा व्हिडिओ बघून गोळ्या टाकल्या, बाई. बीपीच्या बी अन् ह्या कोलेस्टेरॉलच्या बी."

"आता कसे आहेत?" शिवानीनं विचारलं, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं.

"उजवी बाजू गेली. तरी बी काढाच पितात. मी लई सांगते, डॉक्टर सांगतो. त्ये म्हणतात, बाईंनी वाचलाय की आकडा! आज बी बाटली न्यायलाच धाडलं हुतं मला." ती आणखी जवळ आली. "माझं न्हाय ऐकत त्ये. तुमचं ऐकतील. येता का?"

शिवानीला नको वाटलं. गाडीत बसावं आणि सरळ सोलापूर गाठावं, असं मनात आलं. मग तिनं सोजरबाईंसाठी गाडीचं दार उघडलं.

सोजरबाईंचे मालक, कुंडलिक, पडवीत खाटेवर होते. वय पन्नाशीचं, अंग कष्टाचं. पलीकडं धरणाच्या पाण्यावरची मोटर दुसरंच कुणी चालू करत होतं आणि ते पडल्या पडल्या तिकडं बघत होते. शिवानीला त्यांनी लगेच ओळखलं. तोंडाच्या एका बाजूनं हसले.

ती खाटेजवळ जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. दोन यंत्रं, दोन मापं, झाकलेलं नाव, अप्पांचं दुखणं. एक शब्दही मऊ केला नाही. "चूक माझी होती. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मी न तपासता बोलले. माफ करा, असं म्हणायलाही मला तोंड नाही."

कुंडलिक जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मंग... आता तरी... तुमी खरं बोलताय... हे कशावरनं?"

"आवं, असं काय इचारताय पाहुण्या बाईंना?" सोजरबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"विचारू द्या," शिवानी म्हणाली. "हेच विचारायचं असतं. मला, महाराजांना, डॉक्टरांना, कुणालाही. मी सांगते म्हणून माझं खरं धरू नका. उद्या दवाखान्यात जाऊ. काढा न पिता रक्त मोजू, पिऊन मोजू, दोन्ही मापांत मोजू. जे येईल ते मी वाचणार नाही. तुम्ही वाचा."

"येतंय मला... वाचाया," कुंडलिक म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं सोजरबाईंना सकाळची गाडी सांगायची खूण केली. उजवा हात चादरीवर तसाच पडून होता.