आफ्रिकेला गेलेली काथवट

मित्रांनो, कुंडलमधल्या एका घराच्या माळ्यावर कांदे भरून ठेवलेली जुनी काथवट आहे, ती मी. आजकाल बऱ्याच मुलांना काथवट म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, म्हणून सांगते. मी लाकडाची, कडा उचललेली, परातीएवढी ऐसपैस. माझ्यात पीठ मळायचं आणि माझ्यातच भाकरी थापायची. आता मी काळी पडले आहे, एका कडेला चिरलेही आहे. पण समुद्र ओलांडून परत आलेली कुंडलमधली काथवट मी एकटीच. असं मी म्हणते. खोटं ठरवायला अजून कुणी आलेलं नाही.

माझा जन्म कडेगावच्या एका सुताराच्या अंगणात झाला. बाभळीचा चिवट ओंडका तासता तासता तो बिचारा घामाघूम झाला आणि मला चार शिव्या देऊन मोकळा झाला. चंद्राबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात दिलं, आणि मी तिच्याबरोबर कुंडलला नांदायला आले. चंद्राबाई फार कडक बाई. मला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. भाकरी झाल्या की मला पुसायच्या, तेलाचं बोट फिरवायच्या आणि भिंतीला टेकवून ठेवायच्या. आमच्या भाकरीची गल्लीत तारीफ व्हायची. ती सगळी चंद्राबाईंच्या वाट्याला जायची, पण मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

चंद्राबाईंना केरबा नावाचा एकच मुलगा. तो गुळव्या होता. म्हणजे गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आला की तो नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा. थंडीभर त्याला वरच्यावर बोलावणी यायची. होळीच्या सुमाराला गुऱ्हाळं थंड पडली की मात्र तो घरात नुसता येरझाऱ्या घालायचा.

स्वातंत्र्य मिळून दुसरं वर्ष लागलं होतं. एके दिवशी सांगलीचे गुळाचे अडते आप्पासो घरी आले. त्यांच्या पाहुण्यांचा आफ्रिकेत ऊस होता. तिथे नवं गुऱ्हाळ उभं राहिलं होतं, पण गूळ काही जमेना. केरबाने उन्हाळ्यापुरतं तिकडे जावं, तिथल्या माणसांना शिकवावं आणि पावसाळ्यात बेंदराच्या सणाच्या आसपास परत यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. केरबाचे डोळे चमकले. दुसऱ्या मुलखातला ऊस कसा असतो, त्याचा गूळ कोणत्या रंगाचा होतो, हे त्याला बघायचं होतं. तो मनाने तेव्हाच आगबोटीत बसला. पण आईच्या होकाराशिवाय तो उंबरा ओलांडणार नव्हता, आणि आईने तर ऐकताक्षणी मान फिरवली.

मित्रांनो, त्यालाही कारण होतं. चंद्राबाईंचे यजमान पहिल्या महायुद्धात लढायला दूर इराकात, बसऱ्याला गेले होते. गोळी लागली नाही, पण तिकडच्या अन्नाने पोट कायमचं बिघडलं. परत आले ते अंथरुणावरच, आणि त्यातच गेले. केरबाही बापावरच गेलेला. भाकरी नसेल तर त्याला जेवल्यासारखंच वाटत नसे. एकदा कामासाठी मुंबईला गेला आणि भाताला कंटाळून काम अर्धवट टाकून परत आला. गल्लीतली धोंडुबाई अजून त्यावरून त्याची टिंगल करायची.

"समुद्राचं भ्या न्हाई मला," चंद्राबाई म्हणाल्या. "उपाशी पोटाचं हाय. सवताच्या हातानं भाकर करून मला खाऊ घाल. मोडली न्हाई, तर जा म्हणीन."

त्यांना वाटलं, विषय संपला. त्या काळी आमच्याकडचा गडीमाणूस चुलीपुढे बसायचा तो फक्त चिलीम पेटवायला. पण केरबाची बायको विजयमाला मनात म्हणाली, बघूच आता. नवऱ्याने एवढ्या लांबून बोलावणं यावं असं काम मिळवलं, याचा तिला फार अभिमान होता. दुसऱ्याच दिवसापासून, सासूबाई रानात गेल्या की ती कडी लावून नवऱ्याला माझ्यापुढे बसवू लागली.

काय सांगू तुम्हाला, पहिले काही दिवस माझे फार हाल झाले. केरबाला सवय काहिलीची. तो पाणी ओतायचा ते भसाभस, आणि पीठ घोटायचा ते दोन्ही हातांनी, कमरेतून वाकून. त्याची पहिली भाकरी तव्यावर गेलीच नाही, माझ्या बुडाला चिकटून बसली. दुसरीला कोपरे आले. विजयमाला तोंडाला पदर लावून हसायची आणि पुन्हा नवा गोळा करून द्यायची. तिकडे धोंडुबाई भलत्या वेळी थापायचा आवाज ऐकून, पाहुणे आलेत का म्हणून विचारून गेली. पण गुळव्याचा हात शेवटी शहाणा. हळूहळू त्याला पिठाचा अंदाज आला. भाकरी तळहाताखाली गरगर फिरू लागली, आणि एके दिवशी तव्यावर टम्म फुगली. त्या दिवशी नवरा-बायकोपेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

इकडे बाकीची तयारीही जोरात होती. पासपोर्टासाठी सांगलीला खेपा झाल्या. माधवनगरच्या गिरणीच्या कापडाचे दोन सदरे शिवून झाले. तिकडे मक्याचंच पीठ मिळतं असं आप्पासोंनी सांगितल्यामुळे ज्वारीचं पीठ बरोबर द्यायचं ठरलं. ही बातमी पसरताच गल्लीतल्या बायका आपापली जाती घेऊन सरसावल्या. लग्नघरी सगळ्याजणी मिळून दळतात, तसं त्यांनी केरबासाठी गाणी म्हणत पोतंभर पीठ दळलं. टिंगल करणारी धोंडुबाई त्यात सगळ्यात पुढे होती. पोतं शिवून कोपऱ्यात उभं राहिलं आणि निरोप आला, आगबोट लांबली. होळी गेली, पाडवा गेला. अखेर बोटीचा नवा दिवस कळला.

निघायच्या आदल्या सकाळी चंद्राबाई माझ्यासमोर पाट मांडून बसल्या. "कर भाकर," त्या म्हणाल्या. "जे पीठ संगं न्हेणार, त्याचीच कर."

केरबाने पोत्याची शिवण उसवली, पीठ घेतलं, मळलं. माझ्या ध्यानात लगेच आलं, काहीतरी बिनसलं आहे. थापायला लागताच भाकरीच्या कडेला भेग पडली. उचलताना दोन तुकडे झाले. त्याने दुसरा गोळा घेतला. ती तव्यावर टाकताना मोडली. तिसरीचं तेच. विजयमालाचा चेहरा उतरला. रोज पहाटे ताजं दळणारी ती पोर, जुनं पीठ तिच्या हाताखाली कधी आलंच नव्हतं. नवऱ्यानेच घोटाळा केला असं तिला वाटलं. केरबालाही तसंच वाटलं. त्याने पिठाचे हात झटकले आणि मान खाली घातली.

"ऱ्हाऊ दे आये," तो म्हणाला. "माज्यानं न्हाई हुत."

चंद्राबाईंना हवं होतं ते झालं होतं. आता त्यांनी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसतं उठून गेल्या असत्या तरी लेक घरी राहिला असता, आणि कुणी त्यांना बोल लावला नसता. त्या उठल्याही. पण पोत्यापाशी गेल्या, चिमूटभर पीठ घेऊन बोटात चोळलं आणि हुंगलं. त्यांचं मन कुठे कुठे फिरून आलं असेल, ते मला कसं कळणार?

मग त्या परत आल्या आणि लेकाशेजारी खाली बसल्या.

"तुजा हात न्हाई चुकला," त्या म्हणाल्या. "पीठ शिळं झालंय. इरी गेलीया त्याची. सूनबाई, आधण ठेव."

पिठाला धरून ठेवणारा जो चिकटपणा असतो, त्याला विरी म्हणतात. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की ती जाते. प्लेगाच्या साली सगळं गाव माळावर राहायला गेलं होतं, तेव्हा चंद्राबाईंनी असल्याच पिठाच्या भाकरी केल्या होत्या. त्यांनी उकळतं पाणी पिठात ओतलं, उलथन्याने कालवलं आणि जरा निवल्यावर केरबाचा हात आपल्या हाताखाली धरून मळायला लावलं. गल्लीने पोतंभर प्रेमाने केलेली चूक तिघांनी मिळून अशी निस्तरली. पुढची भाकरी केरबाने एकट्याने थापली. ती तव्यावर गेली, निखाऱ्यापाशी उभी राहिली आणि फुगली.

चंद्राबाईंनी ती मीठ-तेलाशी खाल्ली. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. "जा," त्या म्हणाल्या. "निम्मं पीठ हितंच ठेव, आमी खाऊ. त्येच्या जागी अख्खं जुंधळं घे. तिकडं मक्याच्या चक्कीवर थोडं थोडं दळून आण."

एवढं बोलून त्यांनी मला धुतलं, पुसलं, तेल लावलं आणि स्वतःच्या हातांनी केरबाच्या सामानात बांधलं. माझ्यावाचून त्यांचा एक दिवस गेला नव्हता. घरी भाकरी कशात करणार, असं सुनेने विचारलं, तर म्हणाल्या की परातीत करू, आपण घरीच तर आहोत.

आफ्रिकेत आम्ही झकास राहिलो. गूळ जमला, भाकरीही जमली. पावसाळ्यात केरबा चांगला गुटगुटीत होऊन परतला. पुढे घरात स्टीलची परात आली आणि मी माळ्यावर गेले. तक्रार नाही, पण कांद्याच्या वासाची मला अजून सवय झालेली नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला खाली काढा, तेलाचं बोट लावा, आणि घरातून जो कुणी लांब निघाला असेल त्याला तिच्यापुढे बसवा. मुलगा असो वा मुलगी. डबे भरून दिले तर ते संपतात.

चंद्राबाईंना लेक जवळ हवा होता, मित्रांनो. गप्प बसल्या असत्या तर तो राहिला असता. तरीही आधण ठेवायला त्यांनीच सांगितलं.