गाय बांधली कशासाठी

जातीचा मुख्य पंच देवाजी, वयाने वाकलेला. त्याचा हात पोचावा म्हणून वारलूने स्वतःच मान खाली केली, आणि देवाजीने त्याच्या गळ्यात दावं अडकवलं.

त्याच दाव्याने बांधलेली वारलूची गाय आदल्या दुपारी मेली होती. विताना वासरू आडवं आलं होतं. गाय लाथा झाडत होती, म्हणून वारलूने तिला खांबाशी बांधलं आणि वासरू ओढून काढलं. वासरू जगलं, गाय गेली.

गळ्यात दावं असताना गाय मेली की बांधणाऱ्याला गोहत्या लागते, असा त्यांच्या जातीत रिवाज होता. प्रायश्चित्तही ठरलेलं. दावं गळ्यात घालून, एक शब्द न बोलता, गावोगाव भीक मागत मार्कंड्याच्या देवस्थानाला जायचं, वैनगंगेत बुडी मारायची. तोवर घराचा उंबरठा चढायचा नाही.

वारलूने हूं की चूं केलं नाही. पंचायतीत कायम कडेला बसणारा माणूस तो. पाप लागलं असं चार जण म्हणतात म्हणजे लागलंच असेल, असं त्याला वाटलं, आणि तो निघाला.

त्याची बायको कमळा मात्र पंचायतीतून हलली नाही. धानाची रोवणी तोंडावर आली होती, लावायच्या रोपांचे पऱ्हे वाढून पिवळे पडायला लागले होते. हे कुठे लिहिलंय, असं तिने देवाजीला विचारलं. शास्त्रात आहे, मूल गावच्या गुणवंतराव महाराजांना विचार, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती चालत मूलला, महाराजांच्या घरी गेली.

महाराज देवळात पुराण सांगत. लोक प्रायश्चित्त विचारायला येत, तेव्हा ते रिवाज असेल तेच सांगत. कुणी उलट प्रश्न करत नसे. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. कमळा उठली नाही.

"महाराज," ती म्हणाली, "गाय मारासाठी बांधली का वाचवासाठी, हे तुमची पोथी इचारते का नाई?"

 महाराजांनी फडताळातून पोथ्या काढल्या आणि खिडकीपाशी बसून पानं उलटू लागले. कमळा ओसरीवर बसून राहिली. ऊन कलल्यावर ते बाहेर आले.

"इचारते, बाई," ते म्हणाले.

आजारी गाईला औषध देताना किंवा अडलेला गर्भ सोडवताना, जपून प्रयत्न करूनही ती दगावली, तर करणाऱ्याला पाप नाही, असं स्मृतीत स्पष्ट सांगितलं होतं. इतकी वर्षं ते पान त्यांच्या घरात होतं. ते सांगायला महाराज स्वतः गावात आले.

पंचायत पुन्हा बसली. बापजाद्यांचा रिवाज हाही धर्मच, असं देवाजी म्हणाला. महाराजांनी ते नाकारलं नाही. पण उद्या कुणाची गाय अडली, तर या भीतीने कोणी तिला हात लावेल का, एवढंच त्यांनी विचारलं.  देवाजीने वारलूला वाटेतून बोलावून आणायला माणूस धाडला.

वारलू आला. देवाजीने गळ्यातलं दावं काढलं आणि बोल म्हणून सांगितलं.

"पाप नाई म्हन्ता त मानतो मी," वारलू म्हणाला. "पन ते माह्या घरची होती. मी मार्कंड्याले जाऊन येतो. तिच्या नावानं बुडी मारतो."

मग जायचं कशाला, असं कोणीतरी म्हणालं.

"दुख त हाये ना," वारलू म्हणाला.

तो गेला, पण या वेळी वाटेत लोकांशी बोलत गेला. मुक्कामाला कोणी विचारलं, की गाईची गोष्ट सांगायचा. तो परत येईपर्यंत शेजारच्या बायांना घेऊन कमळाने धानाची निम्मी बांधी रोवून टाकली होती.

पुढे धान निसवून लोंब्या दिसायला लागल्या तेव्हाची गोष्ट. भर दुपारी देवाजी काठी टेकत वारलूच्या दारात आला. आधी कमळाला पाणी मागितलं. पाणी प्यायला. भांडं खाली ठेवलं.

"वारलू," तो म्हणाला, "माह्यी गाय अडली. सकाळपासून पाहून राह्यलो. चाल ना भाऊ."

वारलूने कमळाला तेल आणायला सांगितलं. तो ओट्यावर बसून बोटांपासून कोपरापर्यंत तेल चोळू लागला, आणि देवाजी त्याच्यापुढे वाटी धरून उभा राहिला.