पान्हुळी खणली ती मीच

मी कुदळ बोलतेय. चाकणच्या लोहाराची पात आणि बाभळीचा दांडा. गवराबाई ठाकरणीच्या खांद्यावर बसून मी तिच्या वस्तीमागचा सारा डोंगर हिंडलेय.

ती कंद काढायची तो अर्धाच. कोंबाकडचा तुकडा परत खड्ड्यात ठेवून माती लोटायची. पान्हुळीवर तर तिचा फार जीव. पंजासारखं पान, मातकट कंद. बाळंतिणीला दूध येईना, की हाच कंद उगाळून द्यायचा. पण डोंगराला दगडाच्या खाणी लागल्या आणि पान्हुळीचं एकच झाड उरलं. ते ठाऊक गवराबाईला आणि मला.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्या पावसाळ्यात पुण्याच्या कॉलेजातले हिंदुराव मास्तर आले. ठाकरी बोलीतली झाडांची नावं ते लिहून घेत होते. गवराबाई हरखली. "लिवा बाबा. माजी सून पिंपरीला दगडं वाहती, तिला निम्मी नावं येत न्हाईत."

पान्हुळीपाशी मास्तर थबकले. "मावशी, हे नाव कुठंच लिहिलेलं नाही. पण झाड कंदासकट लागेल, तरच नोंद धरतात. अजून आहेत ना?"

आता ठाकर माणूस झाड संपलं असं बोलत नाही. घरातले तांदूळ संपले, की तुम्ही 'वाढले' म्हणता ना, तसंच. बोललं की खरंच संपतं. गवराबाईची जीभ रेटेना.

"लई हाय," ती म्हणाली.

मास्तरांनी सरळ मनानं मान हलवली. माझा दांडा निखळला असता, तर तेवढ्यात तिला काही सुचलं असतं. पण मी मुकाट रुतले. कंद अख्खा वर आला आणि मास्तरांबरोबर पुण्याला गेला. तो मातीचा वास अजून माझ्या पातीला आहे.

कार्तिकात सून कुशाबाई बाळंत झाली. दूध उतरेना. शेळीचं पाजलं की बाळ ओकून टाकतं. गवराबाई मला घेऊन डोंगर पालथा घालून आली, रिकाम्या हातानं.

"आत्याबाई, मास्तरला तं लई हाय म्हनलासा."

"त्यानं नाव लिवलंय बाय."

"मंग नाव पाजू का लेकराला?"

तेव्हापासून उजाडलं की गवराबाई मला खांद्यावर टाकते. आज भामा नदीच्या पलीकडचा डोंगर झाला. माझी धार गेलीय, पाजवायलाही ती थांबत नाही.

तुमच्या बांधाला, टेकडीला ते पान दिसलं, तर आमच्या वस्तीवर निरोप धाडा. बाळ अजून रडतंय, म्हणजे अजून वेळ आहे.